ओव्हरक्लॉक केलेल्या मदरबोर्डचं व्होल्टेज हलतंय? सॉकेटपासून प्रोसेसरपर्यंत एकेक टप्पा तपासा

संध्याकाळी सातच्या सुमारास कॉम्प्युटर अचानक रिस्टार्ट झाला, की सांगली-साताऱ्याकडे पहिला संशय लाइटवर जातो. शेतीपंप सुरू झाले असतील, शेजारच्या गिरणीची मोटर लागली असेल, डीपीवर लोड आला असेल. कधी कधी ते खरंही असतं. पण ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेल्या मशिनवर दोष बहुतेक वेळा बायोसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या मेनूतल्या) एखाद्या सेटिंगमध्ये किंवा बोर्डावरच्या तापलेल्या भागात निघतो, आणि तोवर माणसाने दोन-तीन हजारांचा स्टॅबिलायझर आणलेला असतो. म्हणून आधी वीज कोणत्या टप्प्यावर घसरते ते शोधायचं. टप्पे चार: भिंतीतला सॉकेट, पॉवर सप्लाय, बोर्डावरचं व्हीआरएम (पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागतील तेवढे उतरवणारा भाग) आणि शेवटी प्रोसेसर.

लागणारं सामान थोडं आहे: बऱ्यापैकी डिजिटल मल्टीमीटर, व्होल्टेज आणि तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक वही. वही हसण्यावारी नेऊ नका. बायोसमध्ये काय बदललं हे तिसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

सुरुवात ओव्हरक्लॉक काढून

बायोसमध्ये आत्ताच्या सेटिंगचं प्रोफाइल सेव्ह करा, मग डिफॉल्ट लोड करा. रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग, म्हणजे एक्सएमपी किंवा एक्स्पो, तेही बंद करा. असं मशिन दोन दिवस नेहमीच्या कामाला वापरा आणि एकदा अर्धा तास सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं सॉफ्टवेअर) चालवा. डिफॉल्टवरही मशिन पडत असेल तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही; तेव्हा पॉवर सप्लाय, रॅमच्या पट्ट्या किंवा घरची वीज यांच्याकडे वळा. डिफॉल्टवर ठणठणीत असेल तर फक्त एक्सएमपी चालू करून पुन्हा दोन दिवस. प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे वेग, शेवटी. निम्मे लोक रॅमचा दोष प्रोसेसरवर ढकलतात, तो इथेच उघडा पडतो.

एक अपवाद. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर झाले होते, कारण ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ०x१२९ क्रमांकाच्या मायक्रोकोडने (बायोसमधून येणारं प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचं अपडेट) ही मागणी १.५५ व्होल्टवर अडवली, पुढच्याच महिन्यात आणखी एक सुधारणा आली, आणि इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर सगळ्यात आधी बायोस अद्ययावत करा. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र बायोसने बरा होत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो. आणि बायोस अपडेट करताना लाइट जाणार नाही अशी वेळ आणि यूपीएस दोन्ही बघून ठेवा.

मशिन पडतं कसं, ते बघा

मशिन एका झटक्यात पूर्ण बंद पडलं आणि मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठलंच नाही, तर पॉवर सप्लायने स्वतःचं संरक्षण लावलंय. झटक्यात रिस्टार्ट झालं आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडलेल्या चुकांच्या नोंदवहीत) फक्त कर्नल-पॉवर ४१ दिसतंय, तर त्यातून एवढंच कळतं की विंडोजला नीट बंद व्हायला वेळ मिळाला नाही. कारण त्यात नसतं. त्याच्या आसपास डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणारा विंडोजचा भाग) १८ किंवा १९ क्रमांकाची नोंद असेल तर ती मोलाची. १९ म्हणजे प्रोसेसरने चूक पकडून दुरुस्त केली, १८ म्हणजे दुरुस्त करता आली नाही. निळ्या पडद्यावर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ आलं तर कोअरला (प्रोसेसरमधल्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाला) व्होल्टेज कमी पडण्याची शक्यता जास्त. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आलं तर आधी रॅम बघा.

मशिन पडत नाही, पण गेम चालू असताना क्लॉक एकदम ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास कोसळतो आणि काही सेकंदांनी वर येतो? मग व्होल्टेजच्या मागे न लागता आधी उष्णतेकडे बघा. व्हीआरएम तापल्यावर बोर्ड प्रोसेसरला असाच लगाम घालतो.

सॉकेट, अर्थिंग आणि इन्व्हर्टर

इथे २३० व्होल्टशी काम आहे. मल्टीमीटर एसीच्या ७५० किंवा ६०० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, प्रोबच्या धातूला बोट लागू देऊ नका, आणि सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या.

फेज-न्यूट्रलचं रीडिंग दुपारी एकदा आणि संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान एकदा घ्या. मग त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री लावून लगेच परत बघा. इस्त्री साधारण सव्वाचार अँपिअर घेते. नीट वायरिंगवर तेवढ्याने तीन-चार व्होल्ट पडतात. दहा-बारा पडले तर वाटेत कुठेतरी सैल स्क्रू आहे, कार्बन धरलेला स्विच आहे किंवा एक्स्टेंशनची वायर फारच बारीक आहे. शेजारचा लोड बदलल्यानेही आकडा हलतो, म्हणून इस्त्री तीनदा लावून-काढून बघा.

आता न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये बघा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून बरंच जास्त असेल तर अर्थिंग कमजोर आहे किंवा न्यूट्रलवर लोड आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर मीटर लावायचीही गरज नाही. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात, म्हणून अर्थ तुटला की पत्रा दोन्हींच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट अगदी कमी असतो, पण यूएसबी अडखळणं, ऑडिओत गुणगुण, मध्येच माउस निघून जाणं हे सगळं त्यातून येतं. मे महिन्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो; अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची जुनी पद्धत उगीच नाही.

कमी दाबाची वीज थेट प्रोसेसरपर्यंत पोहोचते का? ॲक्टिव्ह पीएफसी (बाहेरचा दाब हलला तरी आतलं व्होल्टेज सांभाळणारं सर्किट) असलेला पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो. दाब १७० वर आला तरी तो आतलं डीसी व्होल्टेज ३८०-४०० च्या आसपासच धरतो, फक्त भिंतीतून करंट जास्त ओढतो: ४०० वॅटला २३० वर पावणेदोन अँपिअर लागत असतील तर १७० वर साधारण २.३५. मागे ११५/२३० चा लाल स्विच असलेल्या जुन्या स्वस्त पॉवर सप्लायची गोष्ट वेगळी. त्यात आतलं व्होल्टेज बाहेरच्या दाबाबरोबरच खाली जातं. असा पॉवर सप्लाय ओव्हरक्लॉक मशिनला लावूच नये, मग स्टॅबिलायझर कितीही चांगला असो. रिलेवाला स्टॅबिलायझर टप्पा बदलताना टकटकतो, तेव्हा क्षणभर वीज तुटते, आणि ॲक्टिव्ह पीएफसीवाल्याला त्याची गरजही नसते.

खरा घोळ लाइट जाते त्या क्षणी होतो. पन्नास हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची. भिंतीतून काहीच न येता पूर्ण लोडवर तग धरण्याची पॉवर सप्लायची क्षमता साधारण १६-१७ मिलिसेकंद धरतात, हलक्या मालात त्याहून कमी. चांगला यूपीएस ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. घरचा इन्व्हर्टर मात्र साध्या मोडवर याहून जास्त वेळ घेऊ शकतो, म्हणून त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते बघा. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर ॲक्टिव्ह पीएफसीला मानवत नाही: पॉवर सप्लाय गुणगुणतो, कधी बंदच पडतो. तिथे प्युअर साइन वेव्हच हवा. आणि ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॅट. ग्राफिक्स कार्डासह ओव्हरक्लॉक मशिन गेममध्ये याच्या पुढे सहज जातं, मग लाइट गेली की यूपीएससकट सगळं बंद.

पॉवर सप्लाय: सॉफ्टवेअरच्या आकड्यांवर विश्वास नको

सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टची रेल (पॉवर सप्लायमधून येणारी लाइन) ११.३ किंवा त्याहूनही चमत्कारिक दिसली की लोक घाबरतात. हे रीडिंग बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधून, रेझिस्टरने भागून येतं आणि सॉफ्टवेअरला त्या बोर्डाचा गुणक माहीत नसेल तर साफ चुकतं. मल्टीमीटर लावल्याशिवाय पॉवर सप्लाय बदलू नका.

मीटर डीसी २० व्होल्टवर. काळा प्रोब मोलेक्स (चार तारांच्या जुन्या) कनेक्टरच्या काळ्या तारेत, लाल प्रोब पिवळ्या तारेत. हे १२ व्होल्ट. लाल तार ५ व्होल्ट. मदरबोर्डच्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये नारिंगी तार ३.३ व्होल्ट, तिथे प्रोब मागच्या बाजूने तारेलगत घालायचा. सगळ्या तारा काळ्या असतील तर रंगावर जाऊ नका, पिनांचा नकाशा समोर ठेवा. दोन पिना एकमेकींना टेकवल्या तर शॉर्ट, म्हणून हात स्थिर. पॉवर सप्लायच्या एटीएक्स या मानकाप्रमाणे पाच टक्के फरक चालतो: १२ ची रेल ११.४० ते १२.६०, ५ ची ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४६ व्होल्ट. पण आकडा मर्यादेत आहे एवढ्यावर थांबू नका. रिकाम्या मशिनवर १२.१० आणि प्रोसेसर-ग्राफिक्स दोन्हींवर लोड टाकल्यावर ११.५० असेल, तर नियमात बसूनही तो पॉवर सप्लाय थकलेला आहे. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ही घसरण ०.१-०.२ व्होल्टच्या आत राहते.

मल्टीमीटर सरासरी दाखवतो. बारीक तरंग, ज्याला रिपल म्हणतात, तो त्यात दिसत नाही. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट ही त्याची मर्यादा, आणि ती मोजायला ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल तर दुसऱ्याचा चांगला पॉवर सप्लाय दोन दिवस लावून बघणं हीच सोपी परीक्षा. पॉवर सप्लाय उघडून कपॅसिटर बघायचा मोह टाळा. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो.

यानंतर प्रोसेसरचा आठ पिनचा कनेक्टर. तो क्लिक होईपर्यंत बसलाय का, एखादी पिन तपकिरी झालीय का, हे मशिन बंद करून बघा. सैल जोडावर १० मिलिओहम रोध जरी आला तरी २० अँपिअरला ०.२ व्होल्ट तिथेच जातात आणि चार वॅटची उष्णता त्या इवल्याशा पिनेत जिरते. पुढे प्लॅस्टिक वितळतं. आठ पिनच्या जागी फक्त चार पिन लावून ओव्हरक्लॉक करू नये. ग्राफिक्स कार्डाला दोन कनेक्टर असतील तर पॉवर सप्लायमधून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलच्या दोन शेपट्या लावू नका.

कोअर व्होल्टेज: हलतंय की मुद्दाम हलवलंय?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बायोसमध्ये १.३०० दिलं, लोड आल्यावर १.२२८ दिसतंय, म्हणजे बोर्ड खराब? नाही. लोड वाढला की व्होल्टेज थोडं उतरू देणं ही व्हीआरएमची ठरवून केलेली रचना आहे. उताराचा हिशेब सोपा आहे: लोड लाइन (दर अँपिअरला व्होल्टेज किती उतरेल तो आकडा) ०.६ मिलिओहम असेल आणि प्रोसेसर १२० अँपिअर घेत असेल, तर ०.६ गुणिले १२०, म्हणजे ७२ मिलिव्होल्ट. उतार देण्याचं कारण असं, की लोड एकदम सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं. आधीच खाली असेल तर उसळीला जागा असते. उतार काढून टाकला तर तीच उसळी ठरवलेल्या आकड्याच्या वर जाते. सॉफ्टवेअर सेकंदाला एखाददुसरं रीडिंग घेतं, त्याला ती दिसतसुद्धा नाही.

उतार कमी-जास्त करणारं सेटिंग म्हणजे लोड लाइन कॅलिब्रेशन, एलएलसी. यात नावांचा सापळा आहे. असूसमध्ये लेव्हल जितकी मोठी तितकी पकड कडक. एमएसआय आणि एएसरॉकमध्ये उलट, लेव्हल १ सगळ्यात कडक. गिगाबाइटमध्ये आकड्यांऐवजी लो, मीडियम, हाय, टर्बो, एक्स्ट्रीम अशी नावं. एका बोर्डाची ‘लेव्हल १’ दुसऱ्यावर आंधळेपणाने टाकली तर प्रोसेसरच्या अंगाशी येतं. कुठल्याही बोर्डावर मधली लेव्हल घ्या आणि लोडवर ३० ते ५० मिलिव्होल्टची घसरण राहू द्या. घसरण शून्य करण्याचा हट्ट ही ओव्हरक्लॉक करणाऱ्यांची जुनी खोड आहे. बेरजेचं गणित असं करायचं की लोडवरचं व्होल्टेज पुरेसं असावं; रिकाम्या मशिनवर ते थोडं वर दिसलं तर दिसू द्या.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघायची ओळही नेमकी हवी. ‘व्हीआयडी’ म्हणजे प्रोसेसरने मागितलेलं, मिळालेलं नव्हे. ‘व्हीकोअर’ हे बोर्डाच्या सेन्सर चिपचं रीडिंग, जे ८ ते १६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उड्या मारतं, १.२४८ आणि १.२६४ यांच्यात खाली-वर होणं हे बहुधा मोजण्यातलं आहे. ‘व्हीआर व्हीआउट’ ही ओळ असेल तर ती व्हीआरएमच्या कंट्रोलरकडून येते, तिच्यावर जास्त भिस्त ठेवा. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये ‘एसव्हीआय२ टीएफएन’ किंवा नव्यांत ‘एसव्हीआय३’ची ओळ बघा. एकाच वेळी दोन मॉनिटरिंग सॉफ्टवेअर चालवू नका, दोन्ही एकाच सेन्सरवर तुटून पडतात आणि भलतेच आकडे येतात.

आता नेमकी कृती. कोअर व्होल्टेज ‘ऑटो’वरून काढून हाताने द्या, कारण क्लॉक वाढवल्यावर ‘ऑटो’ बहुतेक बोर्डांवर सढळ हाताने व्होल्टेज ओततं. एलएलसी मध्यावर. क्लॉक १०० मेगाहर्ट्झने वाढवा, सिनेबेंच दहा मिनिटं, एचडब्ल्यूइन्फोमधला लोडवरचा किमान आकडा आणि तापमान वहीत. पडला तर व्होल्टेज १० ते २० मिलिव्होल्टने वर. एका वेळी एकच गोष्ट. दोन पायऱ्या व्होल्टेज देऊनही तोच क्लॉक चालत नसेल तर १०० मेगाहर्ट्झ मागे या. तिथून पुढे फक्त उष्णता वाढते. स्थिर जागा सापडल्यावर वर २० मिलिव्होल्टची सूट ठेवा.

मग खरी चाचणी: ओसीसीटी हे चाचणीचं सॉफ्टवेअर एक तास, त्यात बदलत्या लोडचा पर्याय निवडा, कारण व्होल्टेजची परीक्षा लोड चढता-उतरताना होते, सपाट लोडवर नाही. प्राइम९५ या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा ‘स्मॉल एफएफटी’ हा पर्याय रोजच्या कामापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतो. तापमान बघायला वीस मिनिटं ठीक, रात्रभर लावून बोर्ड भाजायची गरज नाही.

रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझरने (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं बायोसमधलं सेटिंग) व्होल्टेज उणे केलं असेल तर दोष उलट्या जागी दिसतो. लोडवर मशिन उत्तम, आणि रिकामं असताना, ब्राउझर उघडताना पडतं. एकटा कोअर सर्वात वरच्या क्लॉकवर जातो तेव्हा त्याला व्होल्टेज कमी पडतं. कोअरसायकलर हे सॉफ्टवेअर रात्रभर लावा, ते एकेक कोअर तपासून नेमका कच्चा कोअर सांगतो. त्या एकाचाच उणे आकडा पाचने शून्याकडे आणा, म्हणजे उणे २० असेल तर उणे १५ करा. एक आकडा साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. जुन्या पॉवर सप्लायवर रायझन निवांत असताना बंद पडत असेल तर बायोसमधलं ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हे ‘टिपिकल करंट आयडल’वर करून बघा.

व्हीआरएमची उष्णता आणि धूळ

एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘व्हीआरएम’ किंवा ‘मॉस’ नावाचं तापमान बघा. अर्ध्या तासाच्या लोडवर ९० अंशांपर्यंत चिंता नाही, १०० च्या वर गेलं की हवा द्या, ११० जवळ आलं की बोर्ड लगाम घालणारच. स्वस्त बोर्डावर मॉसफेटवर (व्हीआरएमच्या तापणाऱ्या चिपांवर) हीटसिंकच नसतो. पाण्याच्या कूलरने प्रोसेसर थंड राहतो, पण सॉकेटभोवती पंख्याचा वारा लागत नाही, म्हणून व्हीआरएम उलट जास्त तापतं. तिथे ८० मिलिमीटरचा एक पंखा बोर्डाकडे तोंड करून बांधला तर मोठा फरक पडतो. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ हळदीची पूड, गुऱ्हाळाशेजारी चिपाडाची राख, एमआयडीसीजवळ धातूची बारीक धूळ: हीटसिंकच्या खाचांत ती थर धरते. दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, पंखे बोटाने धरून. धातूची धूळ ब्रशनेही काढा, ती पिनांमध्ये राहिली तर शॉर्ट करते.

जुना किंवा सेकंडहँड बोर्ड असेल तर कपॅसिटरची डोकी फुगलीत का बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर सांगलीत घराघरांत शिरला होता. पाण्यात बुडालेला बोर्ड धुऊन विकला तरी रॅमच्या स्लॉटच्या तळाशी आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती गाळाचा करडा थर आणि हिरवट गंज राहतो. टॉर्च मारून बघा. अशा बोर्डावर ओव्हरक्लॉक करू नका. आणि सेटिंग आपोआप पुसलं जात असेल तर आधी बोर्डावरचा तीन व्होल्टचा सीआर२०३२ सेल मोजा. पावणेतीनच्या खाली असेल तर बदला.

रॅम आणि तिच्या आजूबाजूची व्होल्टेजेस

डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपीवर बहुधा १.३५. डीडीआर५ चं मूळ १.१, आणि तिथे व्होल्टेज सांभाळणारी चिप रॅमच्या पट्टीवरच असते. एक्सएमपी लावल्यावर बोर्ड ‘ऑटो’ने एसओसी (एएमडीत) किंवा सिस्टिम एजंटचं (इंटेलमध्ये), म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज गुपचूप वाढवतं, ते तपासा. एएम४ या रायझनच्या जुन्या सॉकेटवर एसओसी १.०५ ते १.१० पुरतं. एएम५ या नंतरच्या सॉकेटवर २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने एसओसीला १.३० ची मर्यादा घातली. बायोस त्याआधीचा असेल तर तो बदलल्याशिवाय एक्स्पो लावू नका. रॅम तपासणाऱ्या टेस्टमेम५ ची पूर्ण फेरी एकही चूक न येता निघाली पाहिजे. एक चूकही ‘चालेल’ नाही, ती पुढे विंडोजच्या फाइलमध्ये घुसते. डीडीआर५ बोर्ड नव्या सेटिंगनंतर पहिल्यांदा काही मिनिटं काळा पडदा दाखवतो. तो रॅमशी जुळवून घेत असतो, मध्येच बंद करू नका.

शेवटी ऋतूचा हिशेब. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना लावलेलं ओव्हरक्लॉक एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांत टिकेलच असं नाही. खोली १६ अंश वाढली की प्रोसेसर आणि व्हीआरएमही जवळपास तेवढेच वाढतात. बायोसमध्ये दोन प्रोफाइल ठेवा. एक थंडीचं, आणि दुसरं उन्हाळ्याचं, १०० ते २०० मेगाहर्ट्झ कमी आणि व्होल्टेज ३०-४० मिलिव्होल्ट खाली. उन्हाळ्याचं प्रोफाइल मार्च-एप्रिलमध्ये, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, एसी बंद ठेवून तपासा आणि तारीख वहीत घाला.